कंसाच्या आधीचं नाव

वेणू मॅडमवर लिहितेय असं आमच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर टाकलं, तर लगेच एकानं विचारलं, "कोण वेणू मॅडम? आपल्याला तर प्रियांका मॅडम होत्या."

नव्हत्या. ज्यानं विचारलं त्यानं कोर्स अर्ध्यात सोडला होता, म्हणून त्याला माफ. बाकीच्यांना माहीत आहे. आणि माहीत असूनही ज्यांना ते खटकतं, त्यांच्यासाठीच मी हे लिहितेय. पुढं 'प्रियांका' हे नाव येईल, पण ते इतरांच्या तोंडी येईल.

मी चांदवडची. वडील बाजार समितीत हमाली करायचे, आई दुसऱ्यांच्या वावरात कांदे लावायला जायची. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. हे मी कुणी न विचारताही सांगते, कारण सांगण्यासारखं आहे. बी.एस्सी. झाले आणि कळलं की नुसत्या बी.एस्सी.ला नाशकात कुणी आत घेत नाही. म्हणून सिडकोत खोली घेतली आणि वेब प्रोग्रॅमिंगच्या क्लासला नाव घातलं.

क्लास एका मेडिकलच्या दुकानावर, दोन खोल्यांचा. बाहेर बोर्ड: 'प्रियांका कॉम्प्युटर्स'. खाली संचालक म्हणून मॅडमच्या मोठ्या दिरांचं नाव. दीर पुढच्या खोलीत टेबलामागे बसायचे, मॅडम मागच्या खोलीत शिकवायच्या. शिकवण्याचा आवाज मात्र खालच्या मेडिकलात औषध घेणाऱ्याला ऐकू जायचा. मॅडम देवळ्याकडच्या एका खेड्यातल्या. लहानपणी मळ्यातल्या विहिरीवरच्या वडिलांना घरून हाक मारायचं काम त्यांच्याकडे होतं, तिथं हा आवाज घडला असं त्या सांगायच्या. उंची बेताची. केसांच्या अंबाड्यात पेन खोचलेलं, आणि तेच पेन वर्गभर शोधायच्या. टेबलावर स्टीलच्या डबीत भाजलेले शेंगदाणे. कुणी बरोबर उत्तर दिलं तर डबी पुढं सरकायची. चुकीचं पण डोकं लावून दिलेलं उत्तर असेल, तरी सरकायची. पाठ केलेलं उत्तर आलं की डबीचं झाकण बंद.

पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'चहा'. मग त्याच्या खाली 'चहा()'.

"फरक सांगा."

  मला वाटलं, आपण चुकून हॉटेल मॅनेजमेंटच्या वर्गात आलो.

"वरचं आहे ते फंक्शन. म्हणजे पूड, साखर, दूध, कसा करायचा ते, सगळं डब्यात भरून ठेवलंय. अजून कुणी काही केलेलं नाही. खाली कंस लावले. कंस लावले की गॅस पेटला. नाव घेणं वेगळं आणि हाक मारणं वेगळं. आता मला सांगा, तुमच्या आयुष्यात लोक तुमचं नुसतं नाव किती घेतात आणि हाक किती मारतात?"

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कॉम्प्युटरवर खरोखरच देवनागरीत 'चहा' नावाचं फंक्शन लिहिलं, कंस लावले, आणि ते चाललं. आम्ही आ वासून बघत राहिलो. जावास्क्रिप्टला देवनागरी नाव चालतं हे कुठल्याच पुस्तकात मी वाचलं नव्हतं.

दीर दारातून डोकावले. "प्रियांका, हे असलं मुलं कंपनीत जाऊन लिहितील, तर हाकलून देतील त्यांना."

"भाऊजी, मशीनला चालतं. तुम्हाला का चालत नाही?"

दीर गेले. मॅडम आमच्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "कंपनीत इंग्रजी नावं लिहा. ते बरोबर म्हणताहेत. पण समजायचं असतं तेव्हा आपल्या नावांनी समजून घ्या."

त्यांचं हे असं होतं. समोरच्याचं बरोबर असेल तर मान्य करायच्या, पण समोरच्याला ऐकू जाईल असं नाही.

आमच्या बॅचला मालेगावचा इम्रान होता. त्याच्या वडिलांचा यंत्रमागाचा कारखाना. एकदा त्यानं पान बनवलं. बटण दाबलं की 'ऑर्डर मिळाली' असा संदेश यायला हवा. पण पान उघडल्या उघडल्या संदेश येऊन मोकळा व्हायचा, आणि नंतर बटण कितीही दाबा, काही नाही. इम्राननं बटणाला फंक्शनचं नाव द्यायचं सोडून नावापुढं कंस लावून दिले होते.

मॅडम त्याच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. चिडल्या की त्यांची अहिराणी बाहेर यायची. "हाई काय शे?" म्हणाल्या. म्हणजे, हे काय आहे?

"मॅडम, कोड तर बरोबर आहे."

"तुमच्याकडे लाइट जाते ना?"

"जाते की. रोज जाते."

"मग अब्बा मुकादमाला काय सांगून ठेवतात? 'लाइट आली की माग सुरू कर.' फक्त काम सोपवून ठेवतात. तू काय केलंस? लाइट नसताना स्वतःच जाऊन खटका दाबलास आणि आता म्हणतोस, कापड का निघत नाही. बटणाला काम सोपव. हाक त्याला मारू दे."

इम्राननं कंस काढले. बटण चाललं. "मॅडम, अब्बाला हे सांगितलं, तर ते म्हणतील पोराला एवढ्या लांब कशाला पाठवला, हे तर मुकादमच शिकवेल."

"सांग त्यांना, मुकादमाला पाठवा. त्याला पुढचं शिकवते." आणि डबी पुढं सरकली.

एरर आली की आम्ही घाबरायचो. लाल अक्षरं दिसली की पान बंद करून टाकायचो. मॅडम म्हणायच्या, "एरर म्हणजे शिवी नाही. पत्ता आहे. वाचा, कुठं जायचं ते लिहिलंय." आणि पत्ता वाचूनही सापडलं नाही, तर त्यांचा एकच प्रश्न असायचा: "हाक कोणी मारली?"

या प्रश्नाला मी फार कंटाळले होते. मग एकदा माझ्याच पानावर मोठ्या अक्षरात आलं, 'undefined यांच्या दुकानात आपले स्वागत आहे.' मी दुकान नावाचा ऑब्जेक्ट केला होता, त्यात मालकाचं नाव, आणि त्यातच स्वागत करणारं फंक्शन. दुकानाकडून हाक मारली तर नाव यायचं. तेच फंक्शन काढून बटणाला दिलं, तर नाव गायब.

मॅडमनी मला आणि इम्रानला उभं केलं. दोघांना एकच वाक्य म्हणायला लावलं, "माझ्या घरी चला."

मी म्हणाले. इम्रान म्हणाला.

"वाक्य एकच," त्या वर्गाला म्हणाल्या. "हिनं म्हटलं तर चांदवडला जायचं, त्यानं म्हटलं तर मालेगावला. 'माझ्या' म्हणजे कुणाच्या, हे वाक्यात लिहिलेलं नसतं. कोण म्हणतंय त्यावर ठरतं. जावास्क्रिप्टमधला 'धिस' म्हणजे हे 'माझ्या'." मग त्यांनी तेच वाक्य फळ्यावर लिहिलं आणि बाजूला झाल्या. "आता हे कुणीच म्हणत नाहीये. कुठं जाल?"

"कुठंच नाही," मी म्हणाले.

"नव्या, कडक नियमात हेच उत्तर. कुठंच नाही, तोंडावर एरर. जुन्या नियमात मात्र ज्या जागेला मालक नाही ती गावठाणाची. सगळ्यांचं म्हणून धरायचे. आणि सगळ्यांचं म्हटलं की किती घाण होते, ते तुम्हाला माहीतच आहे."

मी आज पाथर्डी फाट्यापलीकडच्या एका कंपनीत हेच काम करते. मोठ्या कॉलेजांतून आलेली मुलं माझ्या टीममध्ये आहेत. धिस कुठं हरवला हे सापडेनासं झालं की ती माझ्याकडे येतात, आणि मी त्यांना चांदवड-मालेगाव करून दाखवते. त्यांना हसू येतं. येऊ दे. बग सापडतो.

कॉल आणि अप्लाय शिकवताना मॅडमनी घरून पुरणयंत्र आणलं होतं. ते शेजारणीचं होतं. "यंत्र तिचं, डाळ माझी, पुरण कुणाचं?" "तुमचं!" "बरोबर. दुसऱ्याचं फंक्शन, पण राबवायचं माझ्यासाठी. कॉलला डाळ वाटी-वाटीनं द्यायची, अप्लायला सगळी एका ताटात. एवढाच फरक, आणि त्यावर लोक मुलाखती घेतात." न्यू शिकवताना म्हणाल्या, "न्यू लिहिलं की नवं बाळ जन्माला येतं. न्यू विसरलात तर बारसं दणक्यात झालं आणि पाळणा रिकामा."

निनावी फंक्शनवरून एकदा त्यांच्या मिस्टरांचा विषय निघाला. दिनेशभाऊ सातपूरला कारखान्यात होते. क्लासखाली गाडी लावायचे आणि खालून हाक मारायचे, "अगं!"

मॅडम खिडकीकडे बोट करून म्हणाल्या, "हे बघा. नाव नाही, गाव नाही, लिहिलं तिथंच चालवलं." खिडकीतून ओरडल्या, "आले हो!" आणि आमच्याकडे वळून, "आणि चाललं पण."

संक्रांतीला त्यांच्या घरी हळदीकुंकू होतं. वाण द्यायला हात हवेत म्हणून आम्हा दोघी-तिघी मुलींना बोलावलं होतं. तीळगूळ झाला, मग सगळ्या बायकांचा हट्ट सुरू झाला, नाव घ्या. एकेकीनं उखाणे घेतले. मॅडमची पाळी आली.

"दिनेश," त्या म्हणाल्या, आणि वाण उचललं.

"अगं प्रियांका, असं नाही. नीट घे. यमक कुठाय?"

"यमक नाही. नाव घे म्हणालात. घेतलं."

सासूबाईंचा चेहरा उतरला. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या आत्या मात्र पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, त्या थांबेचनात. "आमचं उभं आयुष्य गेलं जुळवण्यात," त्या म्हणाल्या, "हिनं एका घासात संपवलं."

आतापर्यंत वाचणाऱ्याला वाटलं असेल, बाई विनोदी दिसतात. होत्या. पण बाइंड शिकवायचा दिवस आला, त्या दिवशी त्या विनोदी नव्हत्या.

आधी नेहमीसारखंच चाललं होतं. फंक्शनला मालक कायमचा बांधून द्यायचा असेल तर बाइंड. मग हाक कुणीही मारो, 'माझ्या' म्हणजे त्या बांधलेल्या मालकाच्याच. एकदा बांधलेल्याला पुन्हा बाइंड करून दुसरा मालक लावता येत नाही. मग म्हणाल्या, "मला लग्नात बाइंड केलं."

वर्ग हसायच्या तयारीत होता.

"माझं नाव वेणू. वेणू यशवंत निकम. आजीचं नाव. सासरी जुनाट वाटलं. लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरतात, नवरा त्यात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितो. तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या आयांचं असंच झालं असेल. घरी विचारा. माझ्या ताटात 'प्रियांका' लिहिलं. मी समोर बसले होते, मला ते उलटं दिसत होतं. उलटं असल्यामुळं पहिल्यांदा वाचताच आलं नाही. बायका टाळ्या वाजवायला लागल्या, तेव्हा शेजारणीला विचारलं, काय लिहिलंय गं?"

इम्राननं हात वर केला. तो असल्या वेळीही हात वर करायचा. "मॅडम, बाइंड केल्यावर मूळ फंक्शनचं काय होतं?"

हा प्रश्न दर बॅचला कुणीतरी विचारायचं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं, आणि दर वेळी त्या एका वाक्यात उत्तर देऊन पुढं जायच्या. पण त्या सकाळी त्या सेतू कार्यालयात आधारवरचं नाव बदलायला काय काय लागतं ते विचारून आल्या होत्या, आणि अजून घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

"मूळ? मूळ तसंच राहतं. बाइंड मुळाला हात लावत नाही, त्याच्यावरून दुसरं एक तयार करून देतं. मूळ जिथं होतं तिथं असतं. कधीही हाक मारा." फळ्याकडे वळल्या, 'वेणू' लिहिलं. कंस लावले. "उद्यापासून मला या नावानं हाक मारायची. ज्याला जमणार नाही त्यानं 'ओ मॅडम' म्हणू नये. मी ओ देणार नाही."

पुढच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

त्यामागं काय होतं ते सांगते. मॅडम शहरातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला जायच्या. तिथं पूर्णवेळ जागा निघाली होती. मॅडमच्या पदवीवर नाव होतं वेणू निकम. आधार, बँक, सगळीकडे प्रियांका शेवाळे. कॉलेजला सगळ्या कागदांवर एकच नाव हवं होतं. सोपा रस्ता होता: 'वेणू म्हणजेच प्रियांका' असं प्रतिज्ञापत्र करायचं आणि नेमणूक प्रियांका नावानं घ्यायची. घरच्यांनी तेच धरलं. मॅडमनी उलट केलं. आधार, बँक, पॅन, सगळं परत वेणूवर आणायला सुरुवात केली. चकरा मारल्या. प्रत्येक खिडकीवर त्यांना तोच प्रश्न: "घटस्फोट झाला का?" त्यांचं तेच उत्तर: "नाही. संसार उत्तम चालू आहे. पुढचं विचारा."

दीर वर्गात येऊन बोलले ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. त्यांना कुणी वाईट समजू नये. त्यांच्या आवाजात राग कमी होता, लागलेलं जास्त होतं.

"बोर्डावर तुझं नाव लावलं," ते म्हणाले. "स्वतःच्या बायकोचं नाही लावलं, आईचं नाही लावलं. पेंटर रंगवत होता, तेव्हा मी उन्हात खाली उभा होतो, वेलांटी नीट काढ म्हणत. आणि तू म्हणतेस ते तुझं नावच नाही?"

"भाऊजी, तुम्ही मान दिलात. पण मला विचारलं होतं का?"

"मान द्यायला विचारतात का?"

"नाव द्यायला विचारायला हवं होतं."

"घराण्याचं नाव जातं, प्रियांका."

"घराण्याचं नाव शेवाळे. ते तुमच्याकडेच राहतंय. मी माझं तेवढं नेतेय."

ते पुढं आले. मग टेबलावरचा लॅपटॉप मिटला आणि काखेत मारला. "हा क्लासचा आहे," म्हणाले, आणि गेले. त्या दिवसापासून क्लासमध्ये शिकवायला दुसरे एक सर आले. ते पाठ करून घ्यायचे.

दिनेशभाऊंनी काय केलं, हे लोक मला नेहमी विचारतात. घरात बैठक बसली तेव्हा सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. तांदळात नाव त्यांनीच लिहिलं होतं. ते म्हणाले, "बहिणीनं सुचवलं, मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी आईनं त्याच तांदळाचा भात केला असेल. आपण सगळ्यांनी तो खाल्ला. आता काय शिल्लक आहे धरून बसायला?" हे मला मॅडमनी सांगितलं. सांगताना त्यांना इतकं हसू येत होतं की डोळे पुसावे लागले. "लग्न झाल्यापासून या माणसानं मला 'अगं'शिवाय हाक मारली नाही. त्याचं काहीच बिघडणार नव्हतं गं!"

क्लास गेला, लॅपटॉप गेला. उरली ती कॉलेजची जागा. मुलाखतीच्या वेळी शिकवून दाखवायचं होतं, म्हणून मॅडमनी मला फोन केला. "तुझा लॅपटॉप घेऊन ये. आणि मागच्या बाकावर बसून मूर्खासारखे प्रश्न विचार. तुला चांगले जमतात." मी तोवर नोकरीला लागले होते, कंपनीत रजा टाकली.

निकाल आधीच सांगून टाकते, कारण ज्यांना तेवढंच हवंय त्यांनी इथं थांबावं. ती जागा मॅडमना मिळाली नाही. आता त्या धुळ्याकडे एका तंत्रनिकेतनात आहेत, वेणू निकम या नावानं. शनिवारी दिनेशभाऊ मोटरसायकलवर जातात. माझ्या ऑफिसातले काही शहाणे ही हकिगत ऐकून म्हणतात, एवढ्यासाठी नाशकातली नोकरी घालवली? त्यांना मी त्या दिवशी काय पाहिलं ते सांगते.

कॉलेजच्या लांब व्हरांड्यात बाकावर उमेदवार बसले होते. मॅडम टोकाला, हातात फाइल. सगळे कागद एका नावाचे, शेवटचा दोनच दिवसांपूर्वी हातात पडलेला. ऑफिसातले भाऊसाहेब लगबगीनं आले. कॉलेजातले सगळे क्लार्कना भाऊसाहेबच म्हणतात. हे भाऊसाहेब मॅडमवर माया करणारे. तासिकेचं मानधन अडकलं की तेच सोडवायचे.

"मॅडम, काळजी करू नका," ते खाली वाकून कुजबुजले. "यादीत तुमचं नाव चुकून माहेरचं पडलं होतं. मी काल दुरुस्त करून घेतलं. शेवाळे प्रियांका दिनेश. साहेबांची सही पण झाली."

मॅडमनी डोळे मिटले आणि उघडले. "भाऊसाहेब, अर्ज बघितला का तुम्ही?"

"बघायचं काय त्यात? आपलीच माणसं तुम्ही."

"अर्जावर वेणू निकम आहे. आधारवर तेच आहे. सगळ्यावर तेच आहे."

भाऊसाहेबांचा चेहरा बघवेना. "मग असं करा, आत्ता जाऊन या. निवड झाली की नंतर करू दुरुस्ती."

"निवड ज्या नावाची होईल त्याच नावाची ऑर्डर निघेल. तीच सेवापुस्तकात पडेल. आणि मग मी रिटायर होईपर्यंत दुरुस्तीच्या अर्जावर सह्या करत बसू? तुम्ही यादी बदलून आणा, मी लगेच उठते."

"सहीची यादी कशी बदलू, मॅडम?"

"काल बदललीत तशी."

शिपाई दारात आला आणि पुकारलं, "शेवाळे प्रियांका दिनेश!"

मॅडम समोर बघत बसून राहिल्या. मी त्यांच्या कोपराला हात लावला. त्यांनी माझा हात अलगद बाजूला केला.

"शेवाळे प्रियांका!"

शिपाई त्यांना ओळखत होता. रोज त्यांच्या वर्गाचं कुलूप तोच काढायचा. तो त्यांच्याकडे बघूनच ओरडत होता. "मॅडम, तुमचंच आहे ना?"

"माझं नाही, भाऊ."

तिसऱ्यांदा पुकारून त्यानं पुढचं नाव घेतलं. एक तरुण उठला, टाय नीट करत आत गेला. भाऊसाहेब कपाळाला हात लावून खांबाला टेकले. एकामागून एक सगळे आत जाऊन आले. बाक रिकामा झाला. आतून खुर्च्या मागं सरकल्याचा आवाज आला आणि दार उघडून प्राचार्य बाहेर आले.

"शेवाळे मॅडम, तुम्ही इथंच आहात? तीनदा पुकारलं की."

"सर, मी वेणू निकम. माझा अर्ज तुमच्याकडे आहे. मला अजून बोलावलेलं नाही."

प्राचार्यांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेबांनी मान खाली घातली. प्राचार्य आत गेले, फाइल घेऊन दारात आले, उभ्यानंच अर्ज वाचला.

"बाई, एवढ्यासाठी नोकरी घालवत होता?"

"सर, एवढं माझं आहे. नोकरी तुमची आहे, द्या नाही तर नका देऊ."

आतून कुणीतरी म्हणालं, जेवणाची वेळ झाली. प्राचार्यांनी तिकडं पाहिलं, मॅडमकडं पाहिलं. मग शिपायाला म्हणाले, "पुकार."

शिपाई मॅडमपासून हातभर अंतरावर उभा होता. तो संकोचला आणि हळूच म्हणाला, "वेणू निकम."

"जरा मोठ्यानं, भाऊ," मॅडम म्हणाल्या. "रीतीनं."

शिपायाला हसू आलं. त्यानं छाती भरून घेतली आणि असं पुकारलं की जिन्यातली मुलं वाकून बघायला लागली. मॅडम उठल्या. साडीची निरी नीट केली, माझ्याकडून लॅपटॉप घेतला आणि आत गेल्या. दार लागायच्या आत मला त्यांचा आवाज ऐकू आला, मळ्यापर्यंत जाणारा.

"नमस्कार. मी वेणू निकम."

अजून त्यांना कुणी काही विचारलंही नव्हतं.